रस्ता बंद होता

उशीर झालेल्या माणसाला रस्ता कधी लांब वाटत नाही. वेळेवर निघालेला माणूस 'अजून किती राहिलं' म्हणून वैतागतो. उशीर झालेला मनातल्या मनात म्हणतो, जरा हळू चालव बाबा, एखादं चाक तरी पंक्चर होऊ दे. डोंगरावरच्या फौजी चौकीवर धान्य-भाजी घेऊन चढणाऱ्या लॉरीत बटाट्यांच्या पोत्यावर बसलेल्या शिपायाचं तेच चाललं होतं. एकेक वळण मागे पडत होतं. चाकं मात्र ठणठणीत होती. नको तेव्हा चाकं ठणठणीतच असतात.

चौकीवर त्याला घड्याळ्या म्हणायचे. हे नाव आचाऱ्याने ठेवलेलं, कारण रजा संपायच्या आदल्या दिवशीच हा पठ्ठ्या फाटकात हजर असायचा. कधी ताप नाही, कधी चुकलेली गाडी नाही. याच्याकडे बघून चहाचं आधण ठेवावं, असं आचारी म्हणायचा. आणि तोच घड्याळ्या आज, रजा संपून तीन दिवस उलटले तरी, अजून वाटेतच होता.

कारण होतं. पण साहेबापुढे उभं राहून सांगावं असं नव्हतं. त्याला मुलगी झाली तेव्हा तो चौकीवर होता. या रजेत त्याने तिला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती भिंतीला धरून चालायला लागली होती. बापाला बघून तिने जे भोकाड पसरलं ते रजाभर आवरलं नाही. तो खोलीत आला की ही आजीच्या पाठीमागे. त्याने बिस्किटं दाखवली, मांजराचा आवाज काढला, डोक्यावर पातेलं घालून नाचला. माणसाने स्वतःची शोभा किती करून घ्यावी तेवढी करून घेतली. पोरगी ढिम्म. आणि निघायच्या दिवशी पिशवी दारात ठेवून तो उंबऱ्यावर बुटांच्या नाड्या बांधत बसला, तर ही बया दुडुदुडु आली, समोर फतकल मारून बसली आणि एका नाडीचं टोक मुठीत धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. रडली नाही. त्याने हळूच पाय ओढला तर नाडीबरोबर तीही ओढली गेली आणि खुदकन हसली.

झालं, तिथेच माणूस संपला. आधी म्हणाला संध्याकाळच्या गाडीने जातो, मग म्हणाला उद्या सकाळी. 'उद्या' हा शब्द मोठा लबाड आहे, तो आजच्या दिवसाशी कधी भांडत नाही. दुसऱ्या दिवशी पोरगी त्याच्या पोटावर झोपली. तिसऱ्या दिवशी तिने त्याच्या हातून भात खाल्ला. बायको पहिल्या दिवशी काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी मात्र तिचा चेहरा उतरला. "अहो, तुमच्या जागेवर तिकडे कोणीतरी खोळंबलं असेल ना," ती म्हणाली. त्यावर हा शहाणा म्हणाला, मास्तर आहे, मास्तर समजूतदार आहे, एक-दोन दिवसांनी त्याचं काय अडतंय.

हे वाक्य आता लॉरीत त्याला राहून राहून आठवत होतं.

कारणं जुळवायचा प्रयत्नही करून झाला होता. मेव्हणा अशा कामात पुढे. तो म्हणाला, आई वारली म्हणून सांगा, फौजेत आया फार मरतात, कोणी विचारत नाही. हे आत स्वयंपाकघरात ऐकू गेलं. म्हातारी हातात उलथनं घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, मला मारायचं असेल तर आधी मला विचारून मारा. मग पोरीला ताप आला होता असं सांगायचं ठरत होतं, तर बायकोने डोळ्यांत पाणी आणून हात जोडले. लेकराच्या नावावर आजारपण घालू नका, म्हणाली, तोंडातून निघालेलं घरात शिरतं. म्हणून घड्याळ्या रिकाम्या हातांनी निघाला. पदरात एक साधी थाप नाही आणि समोर साहेब. त्याच्या पाचावर धारण बसली होती ती उगाच नाही.

आता मास्तरचं सांगितलं पाहिजे. चौकीवर वायरलेसचा एकच सेट होता आणि तो चालवणारे दोघेच, घड्याळ्या आणि मास्तर. मास्तर भरती होण्याआधी शाळेत शिकवायचा, म्हणून मास्तर. डोंगराखालून येणारा प्रत्येक निरोप या दोघांपैकी एकाच्या कानातून वर यायचा. चौकी सोडून दोघांनी एका वेळी हलायचं नाही, हा नियम दगडावरची रेघ होता. एक रजेवरून आला, त्याने सेट हातात घेतला, की मगच दुसऱ्याची रजा सुरू. याला चौकीवर जोडी म्हणायचे. जोडीतला एक उशिरा आला की त्याचा उशीर दुसऱ्याच्या रजेतून कापला जातो, एवढं सोपं गणित. मास्तरची बायको पोटुशी होती, पण तिला अजून महिना होता. निघताना मास्तर स्वतः हसून म्हणाला होता, सावकाश ये रे, लेकीला भेट नीट. म्हणजे दोष काही एकट्या घड्याळ्याचा नाही, असं घड्याळ्या मनाशी घोकत होता. चोराच्या मनात चांदणं असतं, दुसरं काय.

लॉरी फाटकाशी थांबली. त्याने येताना ठरवून ठेवलं होतं की थट्टा होईल ती गपगुमान सोसायची. घड्याळ बंद पडलं, चावी द्या, बारा वाजले, असलं काहीतरी सगळे म्हणणार. फाटकावरचा पहारेकरी त्याच्या गावापलीकडचाच, तोंडाने महा वात्रट. त्याने घड्याळ्याकडे बघितलं, पिशवी घेतली आणि म्हणाला, हवालदार बोलावतायत. बस. पुढे आचारी कांदे निवडत बसला होता. त्याने वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. तेव्हा मात्र घड्याळ्याच्या तोंडचं पाणी पळालं. शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

हवालदार म्हणजे पोट सुटलेला, ओरडा करणारा पण मनाने मऊ माणूस. त्याने घड्याळ्याला धान्याच्या कोठीमागे नेलं. आधी पट्टा काढून घेतला, टोपी काढून घेतली. साहेबापुढे पेशी असली की तसंच न्यायचं असतं. मग बुटांकडे बघून म्हणाला, नाड्या राहू दे, त्या कोठडीत जाताना काढतात. घड्याळ्याने विचारलं, मास्तर कुठे आहे. हवालदाराने पट्टा हातात दोनदा गुंडाळला आणि सोडला.

मग त्याने सांगितलं. घड्याळ्याने यायला हवं होतं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. सेटवर मास्तरच होता, दुसरं कोण असणार. वायरलेसची रीत अशी की ऐकलेला निरोप शब्दाशब्दाने परत म्हणून दाखवायचा. पलीकडचा 'बरोबर' म्हणाला की मगच तो निरोप पोचला. हवालदार तेव्हा मास्तरच्या मागेच उभा होता, बॅटरीचं काहीतरी विचारायला गेलेला. मास्तर परत म्हणत होता, बायको दवाखान्यात. दिवस भरायच्या आत बाळंत. मुलगा. दोघांची प्रकृती नाजूक. ताबडतोब निघा. आवाज रोजच्यासारखा सपाट. 'ताबडतोब निघा' या ठिकाणी जरा थांबला, इतकंच. मग त्याने नियमाप्रमाणे विचारलं, कोणासाठी, आणि पलीकडून त्याचाच नंबर आला. तोही त्याने परत म्हणून दाखवला.

"तेव्हापासून तो तिथेच बसलाय," हवालदार म्हणाला. "साहेबांनी खालून बदली माणूस मागितला, तर पुढच्या आठवड्यात मिळेल म्हणाले. सेट सोडता येईना. तुझी वाट बघण्यापलीकडे कोणाच्या हातात काही नव्हतं रे."

घड्याळ्या भिंतीला टेकला. त्या दुपारी आपण काय करत होतो हे त्याला लख्ख आठवलं. पोरगी पोटावर झोपली होती आणि ती उठेल म्हणून आपण कुशीसुद्धा बदलली नव्हती. हवालदाराला दया आली असावी, पण दया दाखवायला वेळ नव्हता. लॉरी दुपारी परत खाली जाणार होती आणि त्या लॉरीत मास्तर बसला पाहिजे होता. हवालदाराने त्याला खांद्याला धरून हलवलं आणि नियम समजावून सांगितला. कारण न देता उशीर झाला, तर थेट कोठडी. कोठडीतला माणूस सेटला हात लावू शकत नाही. म्हणजे तू आत गेलास तर मास्तर पुन्हा अडकला. कारण देता आलं, तर ताकीद देऊन सोडता येतं. म्हणून आत जायचं आणि म्हणायचं, घाटात दरड कोसळली, रस्ता तीन दिवस बंद होता.

घड्याळ्या बावळटासारखा म्हणाला, पण रस्ता तर उघडा होता, रोज लॉरी वर येते.

"ते मला माहीत नाही होय?" हवालदार म्हणाला. "कारण खरं असायची गरज नाही. लिहिता आलं पाहिजे."

साहेबांची खोली लहान होती आणि तिच्यात सगळं जागच्या जागी होतं. टेबलावर जेवणाची थाळी यायची बाकी होती, फक्त एका बशीत चिरलेले टोमॅटो होते, लालभडक, काल वर आलेले. घड्याळ्याची नजर त्या बशीवर गेली आणि तिथेच चिकटली. बंद रस्त्याने टोमॅटो आले कसे, हे कोणीही विचारलं असतं. साहेब ओरडणारा नव्हता. ओरडणारा साहेब परवडतो, त्याचा आवाज संपला की शिक्षाही निम्मी होते. हा हळू बोलायचा आणि बोलून झाल्यावर समोरच्याकडे बघत राहायचा, म्हणून सगळे त्याला टरकून असायचे.

उशीर का झाला, साहेबांनी विचारलं. घड्याळ्याने दरड सांगितली, रस्ता सांगितला. आपलाच आवाज त्याला दुसऱ्याचा वाटला. साहेबांनी पेन्सिल उचलली, खाली ठेवली, आणि हवालदाराला म्हणाले, रस्त्याची खबर रोज सकाळी सेटवर येते ना, मग सेटवर कोण होतं त्याला बोलाव.

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. हवालदाराचा चेहरा पडला. सेटवर मास्तर होता. मास्तर, ज्याने सेटवरचा एक शब्द कधी इकडचा तिकडे केला नव्हता; जो निरोपातला चुकीचा शब्दसुद्धा चुकीचाच लिहायचा, का तर आला तसा गेला पाहिजे. आणि त्याच मास्तरला आता खोटं बोलायला लावायचं, तेही कोणासाठी, तर ज्याच्यामुळे तो अडकला त्याच्यासाठी. घड्याळ्याच्या मनात आलं, सगळं खरं सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं. तोंड उघडलंही त्याने. पण खरं सांगितलं तर आपण आत आणि मास्तर इथेच. खरेपणाची चैनसुद्धा आता त्याला परवडणारी नव्हती. त्याने तोंड मिटलं.

मास्तर आला. दाढी वाढलेली, कानांवर हेडफोनचे लाल वळ. तो घड्याळ्याच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने एकदाही बाजूला बघितलं नाही. साहेबांनी विचारलं, हे तीन दिवस घाटातला रस्ता कसा होता.

मास्तरने 'उघडा' म्हटलं तर ते खरं होतं, आणि त्याचा रागही खरा होता, आणि दोन्हीचा त्याला पूर्ण अधिकार होता. फक्त मग तो दुपारच्या लॉरीत बसणार नव्हता.

"रस्ता बंद होता, साहेब," मास्तर म्हणाला. आवाज तोच, सेटवरचा, सपाट.

"परत म्हण."

"रस्ता बंद होता, साहेब."

साहेबांनी मान हलवली. बशी जरा बाजूला सरकवली. मग घड्याळ्याकडे बघत, नेहमीपेक्षाही हळू, ते बोलले. "कारण ऐकलं. पण निकाल मी आज देत नाही. मास्तर रजेवर जातोय. तो परत आला की त्याला हाच प्रश्न मी पुन्हा विचारीन. घाईत नसलेला माणूस जे सांगेल, ते मी धरीन. तोपर्यंत सेट तुझा."

बाहेर आल्यावर हवालदाराने कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, सुटलास. सुटलास कसला, घड्याळ्याला वाटलं, फास गळ्यात घालून दोरी मास्तरच्या हातात दिली. मास्तर घरी जाऊन जे बघेल, त्यावर आपलं ठरणार. ते बरं असलं तर एक वेळ क्षमा. ते बरं नसलं तर? यापुढे त्याला विचार करवेना.

सेटच्या खोलीत मास्तरने ताबा दिला. बॅटरी नवी आहे, म्हणाला, सकाळी जरा खरखर येते. घड्याळ्याने हेडफोन हातात घेतला. मास्तरने पिशवी उचलली, ती बहुधा तीन दिवस भरलेलीच असावी, आणि गेला. लॉरीचा आवाज वळणावळणाने खाली उतरत गेला आणि विरला.

मग सुरू झालं ते वाट बघणं. चौकीवरच्या लोकांनी बोलायला सुरुवात केली होती. आचाऱ्याने दुसऱ्या दिवशी चहाबरोबर एक टोमणाही दिला, घड्याळ पुन्हा चालू झालं का म्हणून. घड्याळ्याला हसू आलं नाही. प्रत्येक खरखरीला जीव टांगणीला. धान्याचा निरोप, पेट्रोलचा निरोप, कोणाच्या बदलीचा निरोप. एकेक निरोप संपला की तो देवाचे आभार मानायचा आणि पुढचा येईपर्यंत पुन्हा मरायचा. आपली पोरगी आठवली की त्याला आनंद व्हायच्या आधी भीती वाटायची. तिचं हसणं आपण कोणाच्या तरी घरातून उचलून आणलंय, असं त्याला वाटायला लागलं होतं. हे बरोबर नाही हे त्याला कळत होतं, पण कळून भीती जात नाही.

मास्तर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी, निरोप आला. पलीकडे कोणीतरी नवा मुलगा होता, आवाज उत्साही, त्याला काय ठाऊक. तो एकेक शब्द सांगत होता आणि घड्याळ्या लिहीत होता. सांगून झाल्यावर मुलगा म्हणाला, परत म्हणा.

पलीकडून पुन्हा, परत म्हणा, चौकी, परत म्हणा. शेवटी त्याने डोळे मिटले आणि म्हटलं. आई सुखरूप. मुलगा आज सकाळी गेला. वडील अजून पोचले नाहीत. पलीकडचा म्हणाला, मधला शब्द नीट ऐकू आला नाही, तेवढा पुन्हा. घड्याळ्याने पुन्हा म्हटलं. गेला. बरोबर, पलीकडचा म्हणाला, आणि लगेच पुढचा निरोप सुरू केला, रॉकेलच्या पिंपांचा. घड्याळ्याने तोही लिहिला, परत म्हणून दाखवला. मग हेडफोन काढून बाहेर गेला, भिंतीआड उकिडवा बसला आणि तोंडावर हात दाबून रडला.

मास्तर त्या वेळी वाटेत होता. शेवटच्या गाडीत असेल. एक दिवस आधी निघाला असता तर पोराला जिवंत बघितलं असतं. हातात घेतलं असतं. कदाचित त्या पोरानेही बापाचं बोट मुठीत धरलं असतं. तान्ही पोरं धरतात, त्यांना शिकवावं लागत नाही.

मास्तरने पूर्ण रजा घेतली नाही. रजा संपायला बरेच दिवस बाकी असताना तो एका सकाळी लॉरीतून उतरला. दाढी केलेली, कपडे धुतलेले. लवकर का आलास, असं विचारायची कोणाची छाती झाली नाही. हवालदाराला त्याने एवढंच सांगितलं की बायको माहेरी आहे, बरी आहे, घरात बसवत नाही. मग तो सेटच्या खोलीत आला. नियम असा की परत आलेल्या जोडीदाराने विचारायचं, माझ्यासाठी काही निरोप. मास्तरने विचारलं. घड्याळ्याने तो कागद पुढे केला. मास्तरने कागद घेतला नाही. माहीत आहे, म्हणाला, ठेव.

दुपारी पेशी लागली. पुन्हा पट्टा काढला, टोपी काढली. घड्याळ्या आत गेला तेव्हा त्याला कोठडीची भीती वाटत नव्हती. कोठडी काय, चार भिंती आणि एक घोंगडी. त्याला भीती वाटत होती ती मास्तरसमोर तोंड उघडायची. पण सगळा आठवडा सेटवर बसून त्याला एक गोष्ट उमगली होती. आता आपल्या खऱ्या बोलण्याने मास्तरचं काही बुडणार नाही. बुडायचं होतं ते बुडालं. आता खरं बोललं तर त्याची किंमत फक्त आपल्याला.

साहेब मास्तरकडे वळले. "आता सांग. रस्ता कसा होता?"

मास्तरने श्वास घेतला. तो काही म्हणायच्या आत घड्याळ्या बोलला. परवानगी न घेता, आयुष्यात पहिल्यांदा.

"उघडा होता, साहेब. मी घरीच होतो. मुलगी मला ओळखत नव्हती. निघायच्या दिवशी तिने माझ्या बुटाची नाडी धरली. म्हणून राहिलो. दुसरं काही कारण नाही."

बोलून झालं आणि त्याला वाटलं, याच्यापेक्षा दरड बरी होती. मेलेल्या पोराच्या बापासमोर आपल्या पोरीची नाडी सांगायची, याच्याइतकं निर्लज्ज काय असतं. मास्तरकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही. साहेब रागावले नाहीत, समजावलंही नाही. त्यांनी दोन आठवडे कोठडी सांगितली आणि हवालदाराला म्हणाले, याच्या बरोबरीचा एक माणूस सोबत ने, नियम आहे. मास्तर म्हणाला, मी जातो साहेब.

कोठडी फाटकाजवळ होती. दाराशी हवालदाराने थांबवलं आणि म्हणाला, नाड्या. घड्याळ्या खाली वाकला, पण त्याची बोटं गाठीत अडकायला लागली. एरवी डोळे मिटून सोडणारा माणूस, आज एक साधी गाठ सुटेना. हवालदार काहीतरी पुटपुटला. तेव्हा मास्तर त्याच्यासमोर खाली बसला, शाळेतल्या लहान पोरासमोर बसावं तसा, आणि त्याने गाठ नखाने सैल करायला घेतली.

"मी बंदच म्हणणार होतो," तो गाठीकडे बघत म्हणाला.

घड्याळ्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला मास्तरच्या डोक्यावरचे केस तेवढे दिसत होते.

"हीच का?" मास्तरने विचारलं.

"नाही. उजवी."

मास्तरने डावी सोडवून हवालदाराच्या हातात दिली. मग उजवी सोडवली. ती एकेका भोकातून सावकाश काढली, बोटाभोवती गुंडाळली, आणि हवालदाराने हात पुढे केला तरी दिली नाही. हवालदाराने हात मागे घेतला. मास्तरने ती छातीवरच्या खिशात ठेवून वर बटण लावलं.

"सुटशील त्या दिवशी माझ्याकडून घे," तो म्हणाला. "आणि लगेच रजा माग. मी सेटवर आहे. मला आता कुठे जायचं नाही."

घड्याळ्याने मान हलवली. दार लागलं. सेटची वेळ झाली होती म्हणून मास्तर झपाझप निघून गेला. कोठडीच्या जाळीतून सेटची खोली दिसत नव्हती, पण दुपारच्या शांततेत आवाज येत होता. खालून कोणीतरी काहीतरी सांगत असणार, आणि मास्तर एकेक शब्द परत म्हणून दाखवत होता, पीठ, तेल, मीठ, रस्ता उघडा. घड्याळ्या बिननाडीच्या बुटांत उभा राहून तो आवाज ऐकत राहिला. मध्येच एकदा आवाज थांबला, तेव्हा याच्या काळजात धस्स झालं. मग पलीकडून 'बरोबर' आलं असावं, आणि मास्तर पुढचा निरोप परत म्हणू लागला.